मास्तरीणबाईंच्या खिडकीपुढचा खांब

खांबेकरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या दुकानातले चष्मे नाचत होते. नाचत होते म्हणजे अगदी ताल धरून. वरच्या फळीवरच्या सोनेरी काड्यांच्या फ्रेमा खालच्या फळीवर उड्या घेत होत्या, खालच्या काउंटरवर येत होत्या, आणि काउंटरवरचा आरसा मान डोलावून त्यांना दाद देत होता. डोळे तपासायला खुर्चीत बसलेले एक निवृत्त गृहस्थ तक्त्यावरची अक्षरं हलताहेत अशी तक्रार करत होते आणि मी त्यांना समजावत होतो, की ह्या वयात असं होतं. मग माझ्या लक्षात आलं, की अक्षरंच काय, तक्ता, भिंत आणि ते गृहस्थसुद्धा हलताहेत. भूकंप झाला ह्याबद्दल माझी खात्री पटली. अशा वेळी आधी गिऱ्हाइकाला बाहेर जाऊ द्यावं की दुकानदाराने स्वतः पळावं, ह्याबद्दल धंद्याचे काही नियम असतील. त्या नियमांचा विचार मी फुटपाथवर पोचल्यावर केला.

बाहेर भूकंप नव्हता. बाहेर खांबेकर होते. अंगाने वाळलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस, कानांत कापसाचे बोळे, डोळ्यांवर माझ्या दुकानातून न घेतलेला गॉगल, आणि हातात फुटपाथ फोडायचं यंत्र. हातात असं आपलं म्हणायचं. खरं तर यंत्रानेच त्यांना धरलं होतं आणि ते त्यांना मनाला येईल तसं हलवत होतं. गाल एका दिशेला, सदऱ्याची बटणं दुसऱ्या दिशेला आणि खिशातली पेन्सिल तिसऱ्याच दिशेला थरथरत होती. मी ओरडायला सुरुवात केली. आपलं बोलणं ऐकू जात नाही म्हटल्यावर माणूस जरा सढळ होतो. मी त्यांच्या यंत्राबद्दल बोललो, त्यांच्या अकलेबद्दल बोललो, हे काम त्यांना ज्याने शिकवलं त्याच्याबद्दल बोललो, आणि नेमका त्यांच्या खानदानाकडे वळलो तेव्हा त्यांनी यंत्र बंद केलं. ते अख्खं वाक्य मी भर रस्त्यात, संपूर्ण शांततेत, सुस्पष्ट उच्चारांत पार पाडलं. समोरच्या फुटपाथवरचे लोकसुद्धा थांबले.

खांबेकरांनी एका कानातला बोळा काढला.

"शेवटचं नीट ऐकू आलं," ते म्हणाले. "आधीचं राहिलं. पहिल्यापासून घ्या."

खांबेकर हे त्यांचं आडनाव नव्हतं. दुकानांपुढे लोखंडी खांब पुरणं हा त्यांचा धंदा, म्हणून आमच्या दुकानांच्या रांगेने त्यांना ते बहाल केलं, आणि थोड्याच दिवसांत ते त्या नावाला असे काही ओ देऊ लागले की खऱ्या नावाने हाक मारणाऱ्याला दोनदा ओरडावं लागे. एखादी गाडी चुकून फुटपाथवर चढली तर दुकानात घुसायच्या आधी तिला अडवायला हे खांब असतात. कमरेएवढे उंच, मांडीएवढे जाड, पोटात काँक्रीट भरलेले. वर दिसतो तेवढाच तो जमिनीखालीही असतो, आणि खरा खांब म्हणजे तो खालचा.

हा त्यांचा धंदा, आणि बढाई मारणं हा जोडधंदा. "माझा खांब उपटायचा असेल तर म्हणावं, सोबत अर्धं गाव न्या," असं ते कुणी न विचारता सांगत. एखादा खांब पक्का झाला की त्याला पाठ टेकून डोळे मिटून उभे राहत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, माणूस दमलाय. दमलेले वगैरे काही नसत, कुणीतरी कौतुक करावं म्हणून थांबलेले असत. आधी ते खिडक्यांचे गज आणि फाटकं बनवायचे. माणसांना आत ठेवायचं काम करून कंटाळलो म्हणून गाड्यांना बाहेर ठेवायचं काम घेतलं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घरी मी एकदा गेलो होतो. वेल्डिंगच्या शेडमागे दोन खोल्या. पलंग लोखंडी, खुर्च्या लोखंडी, कपबशा ठेवायची मांडणी लोखंडी, उशाशी घड्याळ ठेवायला एक लोखंडी हात भिंतीतून बाहेर आलेला. मी खुर्चीत जरा अवघडून बसलो तशी त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला उशी आणून दिली आणि म्हणाल्या, "ह्या घरात मऊ अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे ह्यांचं डोकं." खांबेकर खूश होऊन हसले. बायकोने पाहुण्यांपुढे आपला विषय काढला एवढ्यावरच ते खूश.

आमच्या रांगेला खांब का लागले, ते सांगितलं पाहिजे.

आमची दुकानं जिथे आहेत तिथे उताराचा रस्ता सरळ खाली येतो आणि आमच्या दारापुढे एकदम वळतो. गाड्याही वळायच्या. एके सकाळी मालाची एक गाडी वळली नाही. माझ्या शेजारच्या शिंप्याच्या दुकानात मास्तर खिडकीशी मशीनवर बसले होते. शिवणकामाला उजेड लागतो, आणि आमच्या रांगेतला सगळ्यात चांगला उजेड त्या खिडकीत येतो. मास्तरांनी तो पाहूनच दुकान घेतलं होतं. ब्रेक निकामी झाले होते असं पुढे चौकशीत ठरलं. मास्तर दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. त्यांच्या मशीनवर एक कोट होता, बाही लावायची राहिलेला. ज्याचा होता त्याने तो कधी मागितला नाही आणि मास्तरांच्या बायकोनेही त्याला कधी आठवण केली नाही.

तिला आम्ही पहिल्यापासून मास्तरीणबाई म्हणायचो. शिवण ती मास्तरांच्या बरोबरीने जाणायची. खिडकी दुरुस्त झाल्यावर तिने दुकान उघडलं, पण मशीन मात्र ओढून पार मागच्या भिंतीशी नेलं. तिथे दिव्याखाली बसायची. काही दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढवून द्या, काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. मी तपासलं. नंबर होता तोच होता. भिंतीशी उजेडच नव्हता, त्याला चष्मा काय करणार. काज वाकडे येऊ लागले, माल परत येऊ लागला, कोट शिवून घेणारे दुसरीकडे जाऊ लागले. पदरी मूल नव्हतं, दुसरी मिळकत नव्हती. संध्याकाळी शटर ओढताना ती डोळे चोळत उभी राहायची आणि आम्ही शेजारी आपापल्या कुलपांकडे बघायचो.

मग आमच्या व्यापारी मंडळाने खांब बसवायचं ठरवलं. अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे बूटवाले. माणूस वाईट नाही. जगाकडे पायापासून वर बघायची सवय लागल्यामुळे चेहऱ्यापर्यंत पोचायला त्यांना जरा वेळ लागतो, एवढंच.

खांबेकरांना मास्तरांची हकिगत पहिल्याच दिवशी कळली. ते तडक शेजारच्या दुकानात शिरले आणि म्हणाले, बाई, मशीन पुढे आणायची तयारी करा, माझ्या खांबामागे तुम्ही डोळे मिटून बसा. हे बोलून मग त्यांनी खणायला घेतलं. आधी खणून मग बोलले असते तर मला हे काही लिहावं लागलं नसतं.

कारण बाकी सगळे खड्डे हवे तेवढे खोल गेले, आणि मास्तरीणबाईंच्या खिडकीपुढच्या खड्ड्यात गुडघाभर खाली पहार टणकन वाजली. पाण्याची मोठी पाइपलाइन. रस्त्याखालून तिरकी येऊन नेमकी त्याच जागी वर आलेली. पाणीखात्याने सांगितलं, अख्खी वस्ती ह्या पाण्यावर आहे, नळ हलणार नाही. खांब डावी-उजवीकडे सरकवावा तर मधे गाडी सहज जाईल एवढी फट राहत होती. खांबेकर खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसून राहिले. बूटवाले आले, त्यांनी खड्डा पाहिला, आणि त्यांना सोपा मार्ग सुचला. तळाला लोखंडी प्लेट जोडा, चार बोल्ट मारा, वरून सगळ्यांसारखा पिवळा रंग द्या. बाईंना धीर आला म्हणजे झालं. गाड्या काय रोज येतात का?

खांबेकर आधी नाही म्हणाले. दुपारपर्यंत नाहीच म्हणत होते. पण बढाई मारून झाली होती, आणि आपल्याला एक खांब जमत नाही हे त्या दुकानात जाऊन सांगायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. तात्पुरता म्हणून त्यांनी तो बसवला. वर काँक्रीटचा बारीकसा ओटा करून प्लेट झाकली. दिसायला तो शेजाऱ्यांपेक्षा कणभरही कमी नव्हता. पाठ टेकून उभं राहायचं तेवढं ते त्या दिवशी विसरले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मीही खांबाचं तोंडभरून कौतुक केलं.

ते हत्यारं आवरत होते तेवढ्यात मास्तरीणबाई बाहेर आली. तिने खांबाकडे पाहिलं, त्याच्यावर तळहात ठेवला, आणि म्हणाली, "जरा दुसरी बाजू धरता का? मशीन जड आहे."

खांबेकरांनी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून मशीन भिंतीपासून उचललं आणि खिडकीत आणून ठेवलं.

त्यानंतर खांबेकरांचं आमच्या रांगेतलं काम संपलं, पण खांबेकर संपेनात. दुसऱ्या दिवशी आले, म्हणाले रंगाचा हात राहिलाय. तिसऱ्या दिवशी पुन्हा रंग. इतरांना एक हात आणि ह्या खांबाला इतके हात, की तो बाळसं धरू लागला. रंगाचं निमित्त संपल्यावर त्यांनी एक लोखंडी स्टूल आणलं आणि ते खांबाशेजारी मांडून बसू लागले. दुसरीकडची कामं पहाटे उरकत, दुकानं उघडायच्या वेळी इथे हजर. मास्तरीणबाई खिडकीत, खांबेकर खिडकीबाहेर. आता रांगेने ह्याचा एकच अर्थ काढावा ह्यात रांगेचा काय दोष? औषधवाल्यांनी मला डोळा मारला. बूटवाले जाता-येता विचारू लागले, काय खांबेकर, पाणी घालताय वाटतं, फुटेल हो पालवी. औषधवाल्यांना तरी काही माहीत नव्हतं. बूटवाल्यांना माहीत असून ते विचारत होते. खांबेकर ओठ ताणल्यासारखं हसायचे.

माझ्या एक गोष्ट ध्यानात आली होती. उतारावरून एखादी जड गाडी येताना ऐकू आली की ते स्टुलावरून उठायचे आणि खांब आणि खिडकी ह्यांच्या मधे जाऊन उभे राहायचे. गाडी वळून गेली की परत बसायचे. एवढासा माणूस, जोराचा वारा आला तर गॉगलच्या वजनाने टिकून राहील असा. मी ते पाहून एकदा हसलो, आणि मग मला हसू येईना, आणि का येत नाही तेही कळेना.

एका दुपारी वहिनी आल्या. त्यांना रस्ता ओलांडताना पाहिलं आणि अख्खी रांग दारात आली. जो तो स्वच्छ वस्तू पुसू लागला. बूटवाल्यांनी तर एकच बूट दहा वेळा पुसला असेल. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही. त्या सरळ खांबाजवळ गेल्या.

"हाच का तो?"

खांबेकरांनी मान हलवली.

"रात्रभर छताकडे बघत पडता ते ह्याच्यापायी. अहो, सांगितलंत का तिला?"

खांबेकरांनी गॉगल काढून खिशात ठेवला.

"तुम्ही सांगताय का मी सांगू? मी सांगितलं तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल, मला हळू बोलता येत नाही."

मी त्या वेळी मास्तरीणबाईंच्या दुकानातच होतो. तिच्या चष्म्याची काडी ढिली झाली होती, ती घट्ट करून द्यायला गेलो होतो. खांबेकर दारात येऊन उभे राहिले. आत यायचं पाऊल त्यांना उचलेना.

"बाई, हा खांब खोटा आहे," ते म्हणाले.

मशीन थांबलं.

"खोटा म्हणजे?"

"खाली पाया नाही. नळ लागला खणताना. नुसत्या प्लेटवर उभा केलाय. गाडी आली तर..." त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "गाडीच्या आधी तोच आत येईल."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मशीन तुम्हीच धरून आणलंत ना इथे?"

"हो."

तिने हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला, कापडाची घडी केली. मी काडीचा स्क्रू फिरवत राहिलो. तो केव्हाच घट्ट झाला होता.

"मागे नेलं तर माझे डोळे जातात," ती म्हणाली. "इथे ठेवलं तर मी जाते. आता तुम्हीच सांगा, काय घालवू?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. खांबेकर वळले, बाहेर गेले, पिशवीतून पाना काढला, आणि त्या खांबाच्या पायाशी बसले. वरचं काँक्रीट हातोडीने फोडलं. चारही बोल्ट काढले. खांब मिठीत घेऊन उचलला आणि बूटवाल्यांच्या दारापुढे, भर गिऱ्हाइकीच्या वेळी, फुटपाथवर आडवा ठेवला. आणि उभं राहून, ज्या आवाजात बढाया मारायचे त्याच आवाजात, सगळ्या रांगेला सांगितलं, की हा खांब मी बसवला, हा खोटा होता, आणि हा खोटा आहे हे मला माहीत होतं. बूटवाल्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही. बूटवाले तरीही लाल झाले.

आधी औषधवाले आपल्या खांबाजवळ गेले आणि त्यांनी सहज टेकल्यासारखं करून खांद्याने रेटून पाहिलं. मी माझ्या खांबाला, कुणाचं लक्ष नाही असं बघून, पाठमोरा होऊन ढकललं. बूटवाल्यांनी त्यांच्या खांबाला सरळ लाथ घातली. खांब हलला नाही. बूटवाले मात्र आत जाऊन, बूट काढून, अंगठा धरून बसले. पण एकदा शंका आली की ती लाथेने जात नाही. संध्याकाळी तेच लंगडत आले आणि म्हणाले, सगळेच परत खणून दाखवा.

खांबेकरांना तेवढंच हवं होतं. स्टुलावर बसून बसून त्यांनी तोड काढलेली होती. खोल जाता येत नसेल तर आडवं जायचं. नळाच्या वर जी काही थोडी जागा आहे तिच्यात, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, फुटपाथखाली लोखंडी सळयांची एक चौकट घालायची आणि सगळे खांब तळाशी एकमेकांना जोडायचे, म्हणजे एकाला धडक बसली तर ती सगळ्यांनी मिळून सोसायची. त्यासाठी सगळ्यांचा फुटपाथ फुटणार होता, दारं अडणार होती. आठवड्यापूर्वी हे मागायला ते आले असते तर आम्ही त्यांना चहा पाजून वाटेला लावलं असतं. आता प्रत्येक जण विचारत होता, माझ्या दारात कधी सुरू करताय?

ते दिवस धुळीचे गेले. गिऱ्हाइकं चरावर टाकलेल्या फळीवरून तोल सांभाळत दुकानात येत. बूटवाले म्हणत, आत येईपर्यंतच बुटांची परीक्षा होते, विकायचं काम सोपं झालं. मास्तरीणबाईंचं मशीन माझ्या दुकानात आणलं होतं, दर्शनी काचेशी, डोळे तपासायच्या तक्त्याखाली. ती माझ्याशी बोलायची, औषधवाल्यांशी बोलायची. खांबेकरांशी एक शब्द नाही. ते काचेबाहेर वेल्डिंग करत बसलेले असायचे, ठिणग्या उडायच्या, आणि ती मान वर करायची नाही. वहिनी रोज दुपारी यायच्या, झारीने ताज्या काँक्रीटवर पाणी मारायच्या आणि नवऱ्याला बोलायच्या. काँक्रीटवर पाणी कमी पडलं असेल कदाचित, नवऱ्यावर शब्द कमी पडले नाहीत.

तो एक खांब त्यांनी सगळ्यात शेवटी उभा केला. ओळंबा लावून सगळ्या बाजूंनी पाहिला, पुन्हा पाहिला, काँक्रीट ओतलं. पक्का व्हायला लागतात तेवढे दिवस जाऊ दिले. मग ते माझ्या दुकानात आले. आम्हाला वाटलं, आता बढाया सुरू होणार. पण ते नुसतं "झालं" म्हणाले.

मास्तरीणबाईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

"खिडकीत बसू?"

"बसा."

एवढंच. अर्धं गाव सोबत न्या वगैरे काही नाही. तिने मशीनवरचं कापड बाजूला ठेवलं आणि एका बाजूला जाऊन उभी राहिली. दुसरी बाजू त्यांनी न सांगता धरली. मी दार उघडून धरलं. दोघं फळीवरून एकेक पाऊल टाकत मशीन घेऊन गेले, मधे एकदा टेकवलं, परत उचललं.

मग खांबेकर आमच्या रांगेत बसायला आले नाहीत. दुसरीकडे कामं होती. पुढच्या थंडीत ते छातीच्या दुखण्याने गेले. इतकी वर्षं उडवलेली धूळ छातीत बसली होती, असं डॉक्टर म्हणाले. मास्तरीणबाई आणि मी वहिनींना भेटून आलो. मास्तरीणबाई अजून खिडकीत बसते आणि काळ्या कापडावर काळा दोरा घालते.

त्याच वर्षी उताराचा रस्ता एकमार्गी झाला. आता आमच्या दारावरून गाड्या फक्त वर जातात, खाली एकही येत नाही.